मडकं, पातेलं आणि पंचनामा

गेल्या काही वर्षांत घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद इंटरनेटवर चांगलाच फोफावला आहे. स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं त्यासाठी कसं तयार करायचं, हे शिकवणारे ढीगभर व्हिडिओ सापडतात. तळाला करपलेला थर कसा सोडवायचा, तेलकटपणा का राहू द्यायचा नाही, ॲल्युमिनियम चालतं की स्टीलच हवं, अशी तपशीलवार चर्चा त्यात असते. यातले बहुतेक व्हिडिओ अमेरिका-युरोपातले. पण पुण्या-मुंबईतली चांगल्या पगाराची तरुण मंडळीही ते आवडीने पाहतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, हे त्यांच्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं. कारण त्यांच्या दारावर त्यासाठी कधी कोणी थाप मारलेली नसते.

आता त्याच शहराच्या कडेची एखादी भटक्या-विमुक्तांची वस्ती डोळ्यांसमोर आणा. तिथे एखाद्या बाईच्या झोपडीत तसंच एक पातेलं सापडलं, तर त्याला कोणी छंद म्हणत नाही. त्याचा पंचनामा होतो.

पातेलं तेच, आंबवण्याची क्रिया तीच. मग एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे हातकडी, असं का? माझं उत्तर सरळ आहे. भांड्यात काय आहे यापेक्षा भांडं कोणाच्या हातात आहे आणि त्यातला पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, यावर गुन्हा ठरत आला आहे. हे भावनेच्या भरात केलेलं विधान नाही. इंग्लंड, मुंबई इलाखा आणि दक्षिण आफ्रिकेतलं डरबन, या एकाच साम्राज्यातल्या तीन ठिकाणांचा इतिहास तेच सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हा लेख दारूची बाजू घेणारा नाही. पंचशील मानणाऱ्या समाजाला दारूचं समर्थन करायचं कारण नाही. पण दारूला विरोध करणं वेगळं आणि गरिबाच्या चुलीवरच्या भांड्याला गुन्हेगार ठरवणं वेगळं. या दोन्हींची गल्लत करण्यात व्यवस्थेचा फायदा आहे, आपला नाही.

भांडं घासणारे हात कोणाचे?

बिअर म्हणजे आंबवलेलं धान्य. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात ठेवायचं, की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी उकळून गार केलं की यीस्ट ती साखर खातं आणि मद्यार्क तयार होतो. यातलं खरं कौशल्य भांड्याच्या स्वच्छतेत आहे. भांडं घासणं ही एक गोष्ट आणि निर्जंतुक करणं ही दुसरी. उकळणाऱ्या भांड्यातले जंतू उकळीनेच मरतात. पण पाणी गार झाल्यावर ज्या भांड्यात ते आंबायला ठेवायचं, त्यात जुन्या अन्नाचा कण जरी राहिला तरी भलतेच जंतू वाढतात आणि सगळं आंबूस होऊन वाया जातं. तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो. ॲल्युमिनियमवरचा काळसर थर घासून काढायचा नसतो, कारण तोच धातूला झाकून ठेवतो. पितळ-तांब्याला आंबट पदार्थ चालत नाही, म्हणून कल्हई हवी.

हे सगळं आज 'होमब्रूइंगचं शास्त्र' म्हणून सांगितलं जातं. पण आपल्या आया-आज्यांना यातलं काय नवीन आहे? ताक कोणत्या भांड्यात ठेवायचं नाही, आंबोळीच्या पिठाचं पातेलं कसं धुवायचं, चिंचेने काय उजळतं आणि राखेने काय निघतं, हे ज्ञान बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. झारखंडच्या संथाळ, मुंडा बायका तांदळाची जी बिअर करतात तिचं नावच 'हंडिया'. पेयाला भांड्याचं नाव. जगभर पाहिलं तरी धान्याची बिअर घरात बनवणं हे बहुतेक ठिकाणी बायकांचंच काम होतं. जे रांधायचं भांडं, तेच आंबवायचं भांडं. ते कोणी वेगळं विकत आणत नसे.

म्हणूनच या कामावर जेव्हा जेव्हा बंदी आली, तेव्हा ती आधी बायकांच्या हातावर आणि चुलीवर आली.

इंग्लंड : साहेबाच्या घरचं भांडं

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल नावाची धान्याची बिअर मुख्यतः बायकाच घरी करत आणि उरलेली शेजारीपाजारी विकत. एल फार दिवस टिकत नसे, त्यामुळे प्रत्येक गावात अशा अनेक बायका लागत. पुढे हॉप्स या वनस्पतीची फुलं घालून केलेली बिअर समुद्रापलीकडून आली. ती जास्त टिकू लागली, लांबवर विकता येऊ लागली. मग मोठी तांब्याची भांडी, कोठारं आणि भांडवल आलं. भांडवल आल्यावर पुरुष आले आणि बायका हळूहळू या धंद्यातून बाहेर फेकल्या गेल्या. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे.

तरीही शेतमजुरांच्या घरी स्वतःपुरती बिअर बनत राहिली. कपडे उकळायचा तांब्याचा हंडा घासूनपुसून त्याच कामाला घेतला जाई. १८२२ मध्ये विल्यम कॉबेट या बंडखोर पत्रकाराने मजुरांसाठी 'कॉटेज इकॉनॉमी' नावाचं पुस्तक काढलं. त्याची सुरुवातच घरी बिअर कशी करावी इथून होते. कोणती भांडी लागतील, त्यांना किती खर्च येईल, याचा हिशेब त्याने मांडला. त्याची तक्रार होती ती करावर. मोड आणलेल्या धान्यावर आणि हॉप्सवर सरकारने इतका कर बसवला की मजुराला घरी बिअर करणं परवडेना आणि तो गुत्त्याकडे वळला, असं त्याचं म्हणणं. सरकारला दारू कमी व्हायला नको होती, ती करपात्र ठिकाणी प्यायली जायला हवी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण तो पुढे ठाण्यात आणि डरबनमध्येही भेटणार आहे.

१८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने धान्यावरचा तो कर काढला आणि बिअरवर शुल्क लावलं. घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागू लागला. पण लहान घरांत राहून स्वतःपुरती बिअर करणाऱ्यांना शुल्कात सूट होती. १९६३ मध्ये तो परवानाही रद्द झाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरगुती बिअरचा प्रश्न तसाच राहिला आणि अखेर १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. आजचा हा 'छंद' तिथून सुरू होतो.

म्हणजे साहेबाने स्वतःच्या गोऱ्या प्रजेच्या पातेल्याला आधी सूट दिली, मग मोकळं केलं. आता त्याच साहेबाने आपल्याकडे काय केलं ते पाहू.

मुंबई इलाखा : फुलावरसुद्धा बंदी

१८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा आला. म्हणजे इंग्लंडमध्ये लहान घरांना सूट मिळण्याच्या फक्त दोन वर्षं आधी. तोवर ठाणे, कुलाबा, दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात वारली, काथोडी, कोळी आणि इतर अनेक जमातींमध्ये मोहाची दारू घरोघरी गाळली जात होती. सोय अगदी साधी. खाली आंबलेल्या फुलांचं मडकं, त्यावर दुसरं भांडं, सगळ्यांत वर गार पाण्याचं भांडं. सगळी भांडी घरातलीच. लग्न, पेरणी, देवाचं कार्य, मयत, या सगळ्यांत तिला जागा होती.

नव्या व्यवस्थेत हे बंद झालं. दारू गाळायची ती सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत. उरणला अशा भट्ट्या एकवटल्या. विक्रीचे मक्ते लिलावाने श्रीमंत ठेकेदारांकडे गेले. ताडाच्या झाडावर झाडागणिक कर बसला. जो माणूस आपल्या अंगणातल्या मोहाची दारू जवळजवळ फुकट पीत होता, तो आता ठेकेदाराच्या दुकानात रोख पैसे मोजू लागला. रोख नव्हती तेव्हा उधारी झाली आणि उधारीपायी जमिनी गेल्या. दक्षिण गुजरातच्या आदिवासींबाबत डेव्हिड हार्डिमन यांनी हा प्रवास दाखवून दिला आहे. प्रथा होती तिचा गुन्हा कसा झाला, हेच त्यांच्या मांडणीचं सूत्र आहे.

एवढ्यावर भागलं नाही. १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. मोहाचं फूल म्हणजे फक्त दारू नव्हे. ते वाळवून खातात, भाकरीत घालतात, दुष्काळात त्यावर जगतात. दारूच्या महसुलाला धक्का लागू नये म्हणून सरकारने भुकेल्या माणसाच्या अन्नावर निर्बंध घातले. भांड्याच्या आधी भांड्यात पडणारं फूल गुन्हेगार ठरलं.

आणि याच काळात महसूल वाढवण्यासाठी शहरांत दारूची दुकानं वाढत होती. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. जोतीरावांचं बोट कुठे होतं हे पाहा. गरिबाच्या मडक्याकडे नाही, सरकारने उघडू दिलेल्या दुकानाकडे होतं.

डरबन : बिअरच्या पैशातून वर्णभेद

याच साम्राज्यातलं तिसरं ठिकाण डरबन. झुलू समाजात ज्वारी-मक्याची बिअर, उत्श्वाला, ही बायकांची कला. ती प्यायचं काळंभोर, चरबी लावून चकाकवलेलं मातीचं भांडं, उखांबा, हे पाहुण्याच्या मानाचं भांडं. पूर्वजांच्या स्मरणातही ते असे.

१९०८ मध्ये नाताळ वसाहतीत 'नेटिव्ह बिअर ॲक्ट' आला आणि १९०९ पासून डरबन नगरपालिकेने आफ्रिकन लोकांसाठी बिअर बनवण्याची आणि विकण्याची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. बायकांचं घरचं बनवणं गुन्हा ठरलं आणि नगरपालिकेचे बिअर हॉल उभे राहिले. त्या नफ्यातून कृष्णवर्णीयांवर नियंत्रण ठेवणारा नगरपालिकेचा विभाग आणि त्यांना कोंडून ठेवणाऱ्या बराकी चालत. म्हणजे माणसाने आपल्याच गुलामीचा खर्च आपल्याच खिशातून, पेल्यापेल्याने भरायचा. ही 'डरबन पद्धत' पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या इतर शहरांनीही उचलली.

गावाकडून शहरात आलेल्या बायकांना नोकऱ्या नव्हत्या. राहण्याचा हक्कसुद्धा नव्हता. त्यांनी रॉकेलचे डबे, तेलाची पिंपं, स्वयंपाकाची भांडी धुऊन त्यात बिअर केली. पोलीस येणार म्हणून पिंपं जमिनीत पुरून ठेवली. त्या पैशातून मुलांच्या शाळेची फी गेली. १९२९ मध्ये डरबनमध्ये बिअर हॉलवर बहिष्कार पडला आणि नाताळच्या लहान-लहान गावांत बायका काठ्या घेऊन बिअर हॉलवर चालून गेल्या.

त्याहून मोठा उठाव १९५९ च्या जून महिन्यात केटो मॅनर वस्तीत झाला. ही वस्ती पाडून लोकांना दूर हाकलायचं ठरलं होतं. त्यातच विषमज्वराच्या साथीचं निमित्त करून नगरपालिकेने 'स्वच्छता मोहीम' काढली आणि घराघरातली बिअरची पिंपं-भांडी फोडायला सुरुवात केली. बायका बिअर हॉलमध्ये घुसल्या, पुरुषांना बाहेर काढलं, तिथली बिअर ओतून दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि आंदोलन नाताळभर पसरलं. आपल्याला बोचणारी एक गोष्टही इथे नोंदवली पाहिजे. केटो मॅनरमधली बरीचशी जमीन भारतीय मालकांची होती आणि भाडं वसूल करणाऱ्यांत आपलेच देशबांधव होते. शोषित माणूस दुसऱ्या ठिकाणी शोषकाच्या बाजूला जाऊन बसू शकतो.

आणि १९७६ मध्ये सोवेटोचे विद्यार्थी उठले तेव्हा त्यांनीही बिअर हॉल जाळले. दारू कमी करा, शिक्षण चांगलं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. एकाच चळवळीच्या परंपरेत आया सरकारी बिअर हॉलशी लढतात आणि मुलं दारूलाच नकार देतात. यात विसंगती नाही. दोघांचाही विरोध त्या तिजोरीला आहे जी दारूवर भरते.

मडक्यालाही जात असते

डरबनमध्ये भांड्याचा गुन्हा रंगावरून ठरला. आपल्याकडे रंगाची गरज पडली नाही, जात पुरेशी होती.

बाबासाहेबांचं 'जातीचं निर्मूलन' हे १९३६ चं भाषण आपण अनेकदा वाचलं आहे. ते एकदा भांड्यांकडे लक्ष ठेवून वाचा. त्यात पेशवाईतल्या पुण्याचा उल्लेख आहे. अस्पृश्याने गळ्यात मडकं बांधून फिरायचं, थुंकी रस्त्यावर पडता कामा नये. पुढे अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची १९३५ ची घटना आहे. तिथे बऱ्या स्थितीतल्या काही अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणायला सुरुवात केली. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांवर हल्ला केला.

एक मडकं सक्तीचं आणि एक हंडा निषिद्ध. कोणी मातीचं वापरायचं, कोणी पितळेचं, कोणाच्या भांड्याला कोणी शिवायचं, कोणी वेगळ्या कपात चहा प्यायचा, हे जातीने ठरवलं. भांडं किती स्वच्छ घासलं आहे हा प्रश्न कधीच नव्हता. धातूचा हंडा झानूच्या सवर्णांना आपला अपमान वाटला. म्हणून कायदा जेव्हा भांड्याकडे बोट दाखवून 'हे गुन्ह्याचं साधन' म्हणतो, तेव्हा ते बोट कोऱ्या समाजात फिरत नाही. ते आधीच आखलेल्या जातीच्या रेषेवरून फिरतं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही रेषा आणखी गडद केली. कंजारभाट, पारधी आणि इतर अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल पसरला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट म्हणजे त्याचीच खूण. कुंपणातून बाहेर आलेल्या माणसाला जमीन नव्हती, पत नव्हती आणि काम द्यायला कोणी तयार नव्हतं. अशा समाजाच्या काही घरांनी हातभट्टी धरली, तर त्याला 'त्यांचा पिढीजात धंदा' म्हणणं हा अडाणीपणा तरी आहे किंवा लबाडी तरी.

कायद्यातलं भांडं आणि बाबासाहेबांचा इशारा

१ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि बदललेल्या नावाने तो आजही महाराष्ट्रात चालू आहे. त्याच्या कलम ६५ मध्ये दारू बनवण्यासाठी सामग्री, भट्टी, भांडं किंवा उपकरण जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. कलम १०३ आणखी पुढे जातं. अशा भांड्याचा समाधानकारक खुलासा आरोपीला देता आला नाही, तर त्याने गुन्हा केला असं गृहीत धरता येतं. म्हणजे पातेलं निर्दोष आहे हे पातेल्याच्या मालकिणीने सिद्ध करायचं.

आता विचार करा, कोणाला खुलासा मागितला जाईल? बंगल्यातल्या ओट्यावर पन्नास लिटरचं चकचकीत स्टीलचं पातेलं असेल तर केटरिंगचं असेल, असं समजलं जाईल. वस्तीतल्या बाईचं वीस लिटरचं काळं झालेलं डेगचं असेल तर ते 'साधन' होईल.

वस्तीत काम करताना मी असे पंचनामे वाचले आहेत. दोन ॲल्युमिनियमची डेगची, एक प्लॅस्टिकचं पिंप, एक रबरी नळी, एक पत्र्याचा डबा, अशी यादी असते. त्यातलं डेगचं म्हणजे अनेकदा घरातलं सगळ्यात मोठं भांडं. लग्नात आहेर म्हणून आलेलं, काठावर नाव घातलेलं. बारशाला, जयंतीच्या जेवणाला शेजारी मागून नेतात ते हेच. त्याचा तळ भोसकला की गुन्हा संपत नाही, फक्त त्या घरातलं मोठं भांडं संपतं. आणि मग कर्ज काढून पुन्हा भांडं आणलं जातं, तेही पुन्हा त्याच कामासाठी. कारण दुसरं काम कोणी दिलेलंच नसतं.

बाबासाहेबांनी हे सगळं ओळखलं होतं. १९५१ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी निघालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीवर कडक टीका आहे. तिचा आशय असा की, दारूबंदीमुळे दारू गाळणं हा घरगुती उद्योग झाला. पूर्वी पुरुष पीत, आता घरातच दारू होत असल्याने बायका-मुलंही त्यात ओढली जात आहेत आणि ज्या दुष्परिणामांवर उपाय म्हणून बंदी आणली त्याहून मोठे दुष्परिणाम तिने जन्माला घातले आहेत. हे लिहिणारा पक्ष दारूचा कैवारी नव्हता. तो वस्तीच्या आतून बोलत होता. बंदी बाटलीवर घातली जाते, पण ती येऊन पडते चुलीवर, हे त्याला दिसत होतं.

त्याच्याही आधी, १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारचा हिशेब सरकारलाच ऐकवला होता. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतो आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल होतात. लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. पन्नास वर्षांनी सोवेटोच्या पोरांनी वेगळ्या भाषेत तेच मागितलं.

शील वेगळं, छापा वेगळा

इथे काही धम्मबांधव विचारतील, की मग पाचव्या शीलाचं काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. तिथे तडजोड नाही.

पण शील म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. पाली परंपरेत सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. पिठापासून, भातापासून आंबवलेली ती सुरा आणि फुलं, फळं, मध, गूळ यांपासूनचं ते मेरय. म्हणजे आजची बिअरही त्यात आली आणि मोहही आला. महागड्या पेल्यातली बिअर शीलातून सुटत नाही. मायक्रोब्रुअरीत बसून 'ही काय दारू आहे का' म्हणणाऱ्या आपल्या शिकलेल्या पोरांनीही हे ध्यानात घ्यावं. दुसरं म्हणजे शील स्वतः स्वीकारायचं असतं. 'मी ही शिकवण ग्रहण करतो' असं माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतो. दुसऱ्याचं भांडं फोडून कोणी शीलवान होत नाही. आणि तिसरी गोष्ट आपण फार कमी वेळा बोलतो. तथागतांनी उपासकांसाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात मादक पदार्थांचा व्यापारही आहे. मग आज महाराष्ट्रात या व्यापाराच्या उत्पन्नावर सर्वांत जास्त डोळा कोणाचा आहे? सरकारचा. २००७ मध्ये धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण कोणी आणलं? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय कोणाच्या मंत्रिमंडळाने घेतला? भुकेल्याने ज्वारी आंबवली तर गुन्हा आणि कारखान्याने आंबवली तर अनुदान, याला नीती म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हातभट्टीने माणसं मरतात. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती कष्टकरी वस्त्यांतली होती. त्या मृत्यूंवर कोणी पांघरूण घालू नये. पण ती कशाने मेली? मिथेनॉलने. हे विषारी औद्योगिक द्रव्य मोह किंवा गूळ आंबवून जीव घेण्याइतकं तयार होत नाही. ते कारखान्यांच्या साखळीतून चोरून दारूत मिसळलं जातं. म्हणजे माणूस मारणारं विष मोठ्या साखळीतून येतं आणि छापे मात्र सगळ्यात खालच्या कडीवर पडतात.

तिसरा आक्षेप आपल्याच भगिनींचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याच्या दारूने ज्यांचा संसार बुडाला, त्या म्हणतात, भट्टी फोडाच. त्यांचा राग शंभर टक्के खरा आहे. गावोगाव 'आडवी बाटली' करणाऱ्या बायकांनी तो राग मतपेटीत टाकून दाखवला आहे. पण त्यांच्या लढ्याचं सरकारने काय केलं? चंद्रपुरात बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बायकांनी मागितली होती व्यसनातून सुटका. सरकारने महसुलाचं गणित मांडलं. भट्टीवाली बाई आणि दारुड्याची बायको या एकाच वस्तीत राहतात, कधीकधी ती एकच बाई असते. या दोघींना एकमेकींसमोर उभं करून तिसराच पैसे मोजतो.

आणि वारसा म्हणून कोणती भट्टी मिरवली जाते तेही पाहा. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पर्यटक तिथली भट्टी बघायला जातात. इकडे वस्तीतल्या भट्टीची फक्त छाप्याची बातमी येते.

मग आपण काय मागायचं?

पहिली मागणी, भांड्यावरून गुन्हा गृहीत धरणारी तरतूद काढा. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, पातेल्याच्या मालकिणीची नाही. दुसरी, छापे टाकायचे तर विषारी मिथेनॉलच्या साखळीवर टाका, त्यासाठी वस्तीतल्या बाईचं डेगचं भोसकायची गरज नाही. तिसरी, भट्टी सोडणाऱ्या विमुक्त कुटुंबाला आधी जमीन, भांडवल आणि रोजगार द्या, उपदेश नंतर द्या. चौथी, १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेला हिशेब आजच्या विधिमंडळात मांडा. दारूतून माणशी किती घेता आणि आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीवर, वसतिगृहांवर, व्यसनमुक्तीवर माणशी किती देता, हे दरवर्षी जाहीर करा.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. दारू सोडणं हे आपलं काम आहे, ते सरकारवर सोडायचं नाही. बुद्धविहारात, जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नात, शिकलेल्यांच्या पार्टीत, सगळीकडे ते आपणच करायचं. पण ज्या समाजाच्या गळ्यात एकेकाळी मडकं बांधलं गेलं, त्याने दुसऱ्या वंचिताचं मडकं फुटताना टाळ्या वाजवू नयेत. ती भट्टी विझलीच पाहिजे. ती चालवणारीच्या हाताला दुसरं काम मिळालं, तर ती स्वतःच विझवेल. मग तेच डेगचं ती राखेने घासेल आणि जयंतीच्या जेवणाला शेजाऱ्यांना देईल.

जय भीम! नमो बुद्धाय!